नसत्या चौकशा

नॅन्सी ड्रूला "कुठे निघालीस?" असं कुणी विचारत नाही. या पोरीच्या अंगच्या गुणांची यादी बरीच मोठी होईल, पण मराठी घरात वाढलेल्या मुलीच्या डोळ्यांत आधी भरतं ते हे. अमेरिकेतल्या रिव्हर हाइट्स नावाच्या काल्पनिक गावात ती राहते. वडील कार्सन ड्रू नावाजलेले वकील, आई ती लहान असतानाच गेलेली, आणि घर सांभाळायला हॅना ग्रुएन या मायाळू बाई. सकाळी नॅन्सी पोटभर नाश्ता करते, निळी मोटार काढते आणि एखाद्या ओसाड बंगल्याच्या दिशेनं चालू पडते. परत येते तेव्हा कपड्यांना चिखल आणि डोक्याला टेंगूळ. हॅनाबाई हवालदिल होतात, नाही असं नाही. पण ती सगळी काळजी गरम जेवण वाढण्यात विरघळून जाते. इतका वेळ कुठे होतीस, निरोप का नाही दिलास, बरोबर कोण होतं, लोक काय म्हणतील, यांतलं काही म्हणजे काही त्या घरात ऐकू येत नाही. वकीलसाहेब तर जेवताना आपल्या खटल्यातल्या अडचणी लेकीपुढे मांडतात आणि तिचं मत विचारतात. कॉलेजात गेल्यावरसुद्धा आमच्या घरी आमचं मत फक्त भाजी कुठली करायची याबद्दल घेतलं जायचं, आणि तेही मानलं जायचं नाही.

प्रश्न विचारण्याचं खातं त्या पुस्तकांत नॅन्सीकडेच असतं. कुणाचं मृत्युपत्र कुठे आहे, शेजारच्या घरात रात्री दिवा का लागतो, तो माणूस लंगडत होता तर आता नीट कसा चालतो, असल्या गोष्टी ती बिनदिक्कत कुणालाही विचारते. दुकानदार, बँकेतला कारकून, पोलीस अधिकारी, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, सगळे तिला नीट उत्तरं देतात. "तुला काय करायचंय?" असं जो म्हणतो, तो हमखास गुन्हेगार निघतो. आमच्याकडे हे वाक्य म्हणणाऱ्यांत आई, मावशी, दोन्ही काकू, वर्गशिक्षिका आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर होते. हे सगळे गुन्हेगार असण्याची शक्यता कमी होती. पण काही दिवस मी त्यांच्याकडे त्या नजरेनं पाहिलं खरं.

आम्ही नॅन्सी वाचली ती पेठेतल्या एका वाचनालयात. वाचनालय म्हणजे मोटारीविना रिकामं पडलेलं गॅरेज, तीन भिंतींना फळ्या आणि दारात खुर्ची टाकून बसलेले काका. अनामत रक्कम एकदा भरायची आणि रोजचं भाडं वेगळं. एका बाजूला बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या कादंबऱ्या. आजोबा त्यांतल्या झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी यायचे. मधल्या फळीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्याची सायकल आणि त्याचं ते 'ट्टॉक' आम्हाला पाठ होतं. पण फुरसुंगीचा बनेश कितीही लाडका असला तरी मुलगा होता, आणि मुलगे सायकलवर कुठेही जातात हे आम्हाला पुस्तकाबाहेरही दिसतच होतं. नॅन्सी तिसऱ्या भिंतीवर होती. पिवळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, वर खाकी कागदाचं कव्हर. "लायब्ररीतून लगेच ये, दिवेलागणीच्या आत" अशी ताकीद घेऊन आम्ही निघायचो आणि रात्री तळघरांतून फिरणारी मुलगी काखोटीला मारून दिवेलागणीच्या आत परतायचो.

त्यातल्या एका पुस्तकात आधीच्या कुणा उपद्रवी वाचकानं दुसऱ्याच प्रकरणात एका नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, 'हाच चोर'. मी काकांकडे तक्रार केली. काकांनी चष्मा वर करून पान पाहिलं, खोडरबर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खोड. आणि वाच." मी खोडलं आणि वाचलं. गंमत अशी की चोर कोण हे माहीत असूनही मजेत काही उणं पडलं नाही. खरं सांगायचं तर या पुस्तकांत चोर ओळखायला पेन्सिलीची गरजच नसते. जो पहिल्या भेटीत वसकन अंगावर येतो, ज्याची नजर भिरभिरते, जो नोकरांशी वाईट वागतो, तो चोर. अगाथा ख्रिस्तीबाई वाचकाला शेवटच्या पानापर्यंत फिरवतात. इथे लेखिका चोराला दारातच उभं करून त्याचं नाव-गाव सांगून मोकळी होते. उत्सुकता असते ती नॅन्सी आता कुठलं दार उघडणार, याची.

मालिकेतलं पहिलंच पुस्तक घ्या, 'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक'. जोसाया क्राउली नावाचे एक म्हातारबाबा वारतात. सगळी मालमत्ता श्रीमंत आणि खडूस टॉपहॅम कुटुंबाच्या घशात जाते. ज्या गरीब नातलगांना, स्नेह्यांना म्हाताऱ्यानं "तुम्हाला काहीतरी ठेवीन" असं सांगितलेलं, ते कोरडेच राहतात. दुसरं मृत्युपत्र असणार असं नॅन्सीला वाटतं. सुगावा लागतो तो म्हाताऱ्याच्या जुन्या घड्याळाचा, आणि घड्याळ आहे टॉपहॅमांच्या तळ्याकाठच्या बंगल्यात. नॅन्सी तिथे पोचते तर आत चोर सामान भरताहेत. ते तिला एका खोलीवजा कपाटात कोंडतात, बाहेरून कुलूप लावतात आणि निघून जातात. आता ही पोर काय करते? आधी रीतसर घाबरते, दारावर धक्के मारते. मग श्वास घेते आणि अंधारात हात फिरवून कपाटात काय आहे ते पाहते. कपडे टांगायची लाकडी दांडी हाताला लागते. ती उपसून तिची तरफ करते आणि दाराची बिजागरी उचकटायला लागते. शाळेत तरफेचे तीन प्रकार आम्हाला पाठ होते. टेकू, भार, बल, सगळं चित्रासह. कपाटात अडकल्यावर त्याचा उपयोग होतो, हे मात्र विज्ञानाच्या बाईंनी कधी सांगितलं नव्हतं.

पुढे घड्याळ सापडतं, घड्याळात टिपणवही सापडते, वहीवरून मृत्युपत्राचा माग लागतो, गरिबांना पैसे मिळतात आणि टॉपहॅम हात चोळत बसतात. नॅन्सी फी घेत नाही. आठवण म्हणून ते घड्याळ तेवढं तिच्याकडे येतं. वकिलाच्या पोटी जन्माला येऊन फुकट काम करणारी ही मुलगी खुद्द कार्सनरावांना धंद्याच्या दृष्टीनं परवडत कशी असेल, हा प्रश्न मला अलीकडे पडतो. तेव्हा पडला नव्हता.

असे न पडलेले प्रश्न पुष्कळ आहेत. ही मुलगी कॉलेजात का जात नाही? नोकरी का करत नाही? इतक्या वेळा डोक्यात काहीतरी घातलं जाऊनही तिची स्मरणशक्ती शाबूत कशी? मित्र नेड निकर्सन याला परीक्षा नसतात का, की बोलावलं की हजर? बेस आणि जॉर्ज या तिच्या दोन मैत्रिणी, एकमेकींच्या मामे-आते-चुलत काहीतरी बहिणी. त्यांतली बेस गोलमटोल, भित्री आणि खादाड. जॉर्ज नावाची मुलगी काटक आणि केस कापलेली. कित्येक वर्षांत बेसचं वजन उतरलं नाही आणि जॉर्जचे केस वाढले नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किंकाळी, धाडकन आवाज किंवा मानेवर पडलेला हात. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत तो हात बहुधा ओळखीच्या माणसाचा. पुस्तक संपता संपता पुढच्या पुस्तकाचं नाव हळूच सांगितलेलं. आम्ही लगेच तिसऱ्या भिंतीकडे.

ही सगळी करामत कॅरोलिन कीन नावाच्या बाईंची, असं मुखपृष्ठावर छापलेलं असे. मोठेपणी कळलं की अशी बाई कधी नव्हतीच.

एडवर्ड स्ट्रॅटमायर नावाचे एक गृहस्थ होते. मुलांच्या पुस्तकांचा त्यांनी अक्षरशः कारखाना काढला होता, स्ट्रॅटमायर सिंडिकेट. कथानकाचा आराखडा ते तयार करत, तो एखाद्या होतकरू लेखकाकडे पाठवत, लेखक ठरावीक रकमेवर पुस्तक लिहून देई आणि नावासकट सगळ्या हक्कांवर पाणी सोडे. वर छापायचं नाव कारखान्याच्या मालकीचं. हार्डी बॉइज याच कारखान्यातून १९२७ साली बाहेर पडले. ते खपताहेत म्हटल्यावर मुलींसाठीही एक गुप्तहेर काढावी असं स्ट्रॅटमायरना वाटलं. त्यांनी प्रकाशकाला नावं सुचवली: स्टेला स्ट्राँग, डायना ड्रू, हेलन हेल, नॅन ड्रू वगैरे. प्रकाशकांनी नॅन ड्रू उचललं आणि नॅनची नॅन्सी केली. बारशाला इतकी नावं निघाली आणि आत्याबाई रुसल्या नाहीत, हे त्या कुटुंबाचं भाग्य. २८ एप्रिल १९३० रोजी पहिली तीन पुस्तकं एकदम बाजारात आली, किंमत प्रत्येकी ५० सेंट. मंदीनं अमेरिका हवालदिल झालेली असताना ती तडाखेबंद खपू लागली. स्ट्रॅटमायरना ते पाहायला मिळालं नाही. पुस्तकं आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते गेले.

लिहिणारी होती मिल्ड्रेड वर्ट, पुढे मिल्ड्रेड वर्ट बेन्सन. १९०५ साली आयोवातल्या लडोरा या छोट्या गावात जन्मलेली. आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी तिनं १९२७ साली घेतली. तिथे ती मिळवणारी ती पहिलीच. पोहणारी, रोखठोक बोलणारी, पुढे वयाच्या उतारावर विमान चालवायला शिकलेली. पहिल्या ३० पुस्तकांतली २३ तिची. सुरुवातीला एका पुस्तकाचे मिळायचे १२५ डॉलर, आणि मंदीत तेही कापले गेले. तेव्हा तिनं हात आखडता घेतला आणि मधली तीन पुस्तकं वॉल्टर कारिग नावाच्या एका पुरुषानं लिहिली. म्हणजे ज्या कॅरोलिनताईंना आम्ही मनोमन मावशी मानलं होतं, त्या काही काळ मिशावाल्या असण्याचीही शक्यता आहे.

मला यातली विसंगती फार आवडते. आयुष्यभर "हे कुणी केलं? का केलं? लपवलं कुठे?" असं विचारत फिरणारी पोर ज्या घरात जन्मली, त्या घराचा पहिला नियम होता की कुणी काही विचारायचं नाही. लेखकांनी आपण लेखक आहोत हे बोलायचं नाही. वाचकांनी कॅरोलिन कीन यांना पत्रं पाठवायची आणि कारखान्यानं त्यांना कॅरोलिन कीन म्हणून उत्तरं द्यायची. स्ट्रॅटमायरांच्या पश्चात त्यांच्या मुलींनी, विशेषतः हॅरिएट अ‍ॅडम्स यांनी, कारखाना हिमतीनं चालवला. नवी कथानकं रचली, पुढची पुस्तकं स्वतः लिहिली आणि हळूहळू आपणच कॅरोलिन कीन आहोत असं त्या सांगू लागल्या. नॅन्सीला ही बातमी लागली असती तर टॉर्च घेऊन तिनं पहिला छापा आपल्याच प्रकाशकाच्या तळघरावर घातला असता.

१९५९ पासून हॅरिएटबाईंनी जुनी पुस्तकं नव्यानं लिहायला घेतली. त्याला एक चांगलं कारण होतं. जुन्या नॅन्सीत काळ्या माणसांची, ज्यूंची, परकीयांची चित्रणं आज वाचताना मान खाली जावी अशी आहेत. पहिल्याच पुस्तकात बंगल्याचा राखणदार जेफ टकर हा काळा आणि दारूडा दाखवलेला आहे. नव्या आवृत्तीत तो गोरा झाला. म्हणजे अपमान काढून टाकला, पण त्याबरोबर माणूसही काढून टाकला. घर साफ करण्याची ही पद्धत आपल्यालाही अनोळखी नाही. २५ प्रकरणांची २० झाली. नॅन्सीचं वय १६ वरून १८ वर गेलं. आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती, ती आता तीन वर्षांची झाली. आणि तिची जीभही मऊ झाली. जुन्या 'द हिडन स्टेअरकेस'मध्ये दोन म्हाताऱ्या बहिणींच्या झपाटलेल्या वाड्यात मुक्कामाला निघालेल्या लेकीला कार्सनराव बरोबर रिव्हॉल्व्हर नेऊ देतात. नव्यात ते गायब आहे. जुनी नॅन्सी पोलिसांना चार शब्द सुनवायची, गाडी सुसाट हाणायची. नवी जपून चालवते आणि 'कृपया' म्हणते. बेन्सनबाई पुढे सांगत की त्यांची नॅन्सी जरा जास्तच आगाऊ आहे, अशी कुरकुर खुद्द एडवर्ड स्ट्रॅटमायरनीही पहिला मजकूर वाचून केली होती.

आमच्या गॅरेजातली पिवळी पुस्तकं या नव्या, शहाण्या नॅन्सीची होती. तीही आम्हाला आगाऊच वाटली. यावरून आम्ही किती शहाण्या होतो, याचा अंदाज यावा.

गुपित फुटलं ते अखेर न्यायालयात, आणि वकिलाच्या मुलीला हे शोभलंही. कारखान्यानं नव्या पुस्तकांसाठी नवा प्रकाशक धरला, जुना प्रकाशक खवळला आणि १९८० साली न्यूयॉर्कच्या कोर्टात नॅन्सी कुणाची, हा वाद उभा राहिला. नॅन्सी कुणाची हे ठरवायचं तर ती लिहिली कुणी हे विचारणं भाग होतं. साक्षीला बेन्सनबाई आल्या. जुनी पत्रं, करारनामे, पावत्या टेबलावर आल्या. हॅरिएटबाईंनी त्यांना पाहून, तुम्ही हयात असाल असं वाटलं नव्हतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं असं सांगतात. पुस्तकात असतं तर हे वाक्य प्रकरणाच्या शेवटी आलं असतं आणि आम्ही झोपायची वेळ टाळून पुढचं पान उलटलं असतं. निकालात जुन्या पुठ्ठ्याची पुस्तकं जुन्या प्रकाशकाकडे राहिली आणि पुढच्यांची वाट मोकळी झाली. बेन्सनबाईंना पैसे काही मिळाले नाहीत, पण नाव मिळालं. १९९३ साली आयोवा विद्यापीठानं नॅन्सी ड्रूवर परिषद भरवून त्यांचा सत्कार केला. त्यांचा अंडरवूड टाइपरायटर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आणि बाई स्वतः? टोलेडो शहरातल्या वर्तमानपत्रात नोकरी करत होत्या. २००२ साली ९६ व्या वर्षी वारल्या, तोवर त्यांचं लिखाण तिथे छापून येत होतं. दुसऱ्यांच्या भानगडींत रीतसर लक्ष घालायचा पगार त्यांनी शेवटपर्यंत घेतला. नॅन्सीपेक्षा शहाण्या, म्हणायचं ते याला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या सँड्रा डे ओकॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर या तिघीजणींनी लहानपणी आपण नॅन्सी वाचत होतो हे कौतुकानं सांगितलं आहे. सोटोमायोर यांना तर तिच्यासारखी गुप्तहेरच व्हायचं होतं. मधुमेह निघाल्यावर तो बेत सोडावा लागला, मग त्यांचं लक्ष वकिलीकडे वळलं. पिवळ्या पुस्तकांनी न्यायाधीश घडतात, असं म्हणायचा माझा हेतू नाही. त्या हिशेबानं आमच्या पेठेतून निदान दोन-तीन सरन्यायाधीश निघायला हवे होते. पण हजारो पानं एक मुलगी प्रश्न विचारते आहे आणि मोठी माणसं तिला सरळ उत्तरं देताहेत, हे दृश्य लहान वयात पुन्हा पुन्हा पाहिलं की काहीतरी मुरतं. कथानकं मी बहुतेक सगळी विसरले आहे. कुठल्या पुस्तकात भुयार, कुठल्यात पुतळा, कुठल्यात खोट्या नोटा, सांगता येणार नाही. आपल्याला पडलेला प्रश्न विचारण्याजोगा असू शकतो, एवढं मात्र राहिलं.

आणि तेवढंच का होईना, पुढे द्यावं लागतं. आमच्या इमारतीतली चौथीतली एक मुलगी मला लिफ्टमध्ये भेटते. तिच्या वाढदिवसाला मी 'द हिडन स्टेअरकेस' दिलं, त्याची फळं भोगते आहे. परवा तिनं विचारलं, "मावशी, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकटेच राहतात ना? मग त्यांच्या दाराला रोज सकाळी दुधाच्या दोन पिशव्या का असतात?" तिची आई लगेच डाफरली, "नसत्या चौकशा नकोत गं!" मी मान डोलवली, थोरांनी थोरांची बाजू घ्यायची असते म्हणून. पण त्या आजोबांना चहा चालत नाही, दही ते विकत आणतात आणि मांजर त्यांच्याकडे नाही, हे मला पक्कं माहीत आहे. गेले काही दिवस मी सकाळी लिफ्ट सोडून जिन्यानं उतरते. कालपासून पिशव्या तीन झाल्या आहेत.